दुधी काचेवरची बाई

अनीसला मेलेल्या माणसांची भीती कधी वाटली नव्हती. त्याचा धंदाच तसा होता. नंदुरबारात एखाद्या घरचा कर्ता माणूस गेला आणि हयातीत त्याचा फोटो काढायचा राहून गेलेला असला, की तिरडी बांधायच्या आधी कुणीतरी अनीसच्या दुकानी पळत यायचं. मग अनीस आपला मोठा लाकडी कॅमेरा घेऊन जायचा, मयताला खुर्चीत बसवायचा, पागोटं सरळ करायचा, मानेमागे उशी खोचायचा आणि रडणाऱ्या बायाबापड्यांना हळूच म्हणायचा, "जरा दम धरा, हलू नका." त्याचे वाडवडील रंगारी. त्यांचे हात निळीने आणि मंजिष्ठेने रंगलेले असत, ह्याचे फोटो धुण्याच्या औषधांनी काळे पडलेले. त्याची बायको अकिला जेवायला वाढताना म्हणायची, "हात दोनदा धुवा. आज कुठं जाऊन आलात ते मला सांगू नका." अनीस हसायचा आणि दोनदा हात धुवायचा.

म्हणून त्या हिवाळ्यात सुपडू मास्तरांनी गोऱ्यांच्या कबरस्तानाचा विषय काढला, तेव्हा तो लगेच हो म्हणाला.

सुपडू मास्तर हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. तिसरे हिंमतराव पाटील. प्रकाशा गावाजवळ तापीकाठी त्यांची काळीभोर जमीन होती आणि कापसाच्या पैशातून त्यांनी सुरतेहून घडीचा कॅमेरा आणला होता. तिघांत फोटोचा नाद सोडला तर सारखं काही नव्हतं, पण तो नाद जबर होता. महिन्यातून एखादा रविवार ठरवून बाहेर पडायचं, कधी तापीवर, कधी एखाद्या जुन्या गढीवर, आणि संध्याकाळी अनीसच्या दुकानात बसून कुणाचा फोटो कसा येईल त्यावर भांडायचं.

"विसरवाडीच्या अलीकडे रानात आहे म्हणतात," मास्तर म्हणाले. "राणी व्हिक्टोरियाच्या वेळचं. सुरतेची सडक करायला साहेब लोक आले होते. पटकीनं, हिवतापानं जे मेले ते तिथंच पुरले."

"मंग चला," हिंमतराव म्हणाले. "जित्ता साहेब काही आपला फोटो काढू देस नही. मरेल साहेब तरी देई."

सकाळच्या सर्व्हिस मोटारीने ते निघाले. मोटार चालवणारा गफूर अनीसच्या ओळखीचा होता. सागाची झाडं लागली तसा त्याने एका पाऊलवाटेपाशी गाडी थांबवली, कॅमेऱ्याची पेटी टपावरून उतरवून दिली आणि म्हणाला, "नीट सांभाळीसन जा. तठे बाई शे."

"कोण बाई?" हिंमतरावांनी विचारलं.

गफूरने गाडी चालू केली. "बाई शे, एवढंच सांगस मी," तो म्हणाला आणि धुरळा उडवत निघून गेला.

वाट फार लांब नव्हती. सीताफळीच्या जाळीतून वर चढल्यावर पडक्या दगडी कुंपणाची भिंत लागली. लोखंडी फाटकाचा एकच पल्ला गंजून लटकत होता. आत शिरताच तिघेही थबकले. रान माजलेलं असेल, वेलींत थडगी शोधावी लागतील, अशी त्यांची अटकळ होती. इथे तर अंगण झाडावं तसं सगळं लख्ख झाडलेलं होतं. सागाची मोठाली वाळकी पानं एका कोपऱ्यात ढिगाने रचलेली. मधोमध साहेबांची थडगी, कुणाचं पेटीसारखं, कुणाचा उंच निमुळता खांब, एकावर दगडी क्रूस, त्याचा एक हात तुटलेला. खोडांच्या मधून ऊन तिरपं येत होतं आणि दगडांवरची काळी बुरशी त्यात मखमलीसारखी दिसत होती. पाखरांचा मात्र आवाज नव्हता. बाहेर सातभाईंचा गलका चालला होता, तो भिंतीपाशी येऊन तुटल्यासारखा झाला होता.

भिंतीकडेला एक म्हातारी वाकून झाडत होती. अंगावर विटकं लुगडं, हातात शिंदीचा झाडू.

"हाई दखा गफूरनी बाई," हिंमतराव हसून म्हणाले. "उगाच घाबराई दिधं."

म्हातारीने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा झाडायला लागली. अनीसने विचारलं तेव्हा तिने नाव सांगितलं, गजराबाई. फोटो काढले तर चालेल का, म्हटल्यावर ती म्हणाली, "मन्हा काय शे आठे? काढा."

तिघे पांगले. मास्तर दगडांवरची इंग्रजी अक्षरं वाचत फिरू लागले, कोण कुठल्या गावचा, कितव्या वर्षी गेला. बहुतेक सगळे पंचविशी-तिशीतले. हिंमतराव डोक्यावर टोप चढवून पेटीसारख्या थडग्यावर पायावर पाय टाकून बसले. "मास्तर, काढा माझा फोटो. खाली लिहा, हिंमतराव साहेब बहादूर!" मास्तरांनी नाखुशीनेच काढला.

अनीसला मात्र शेवटच्या ओळीतलं एक लहानसं थडगं आवडलं होतं. संगमरवरी दगड होता आणि त्यावर झोपलेलं कोकरू कोरलेलं. ऊनपावसाने कोकराचं तोंड झिजून गुळगुळीत झालं होतं. "मुलगी आहे," मास्तर वाचून म्हणाले. "वर्षाचीही नव्हती. आईबापांची एकुलती, असं लिहिलंय."

अनीसने तिवई रोवली, कॅमेरा चढवला, काळा कपडा डोक्यावर घेतला. आत अंधार, कपड्याचा आणि औषधाचा ओळखीचा वास. समोरच्या दुधी काचेवर चित्र उमटलं. ह्या काचेवर सगळं उलटं दिसतं, जमीन वर आणि आभाळ खाली, पण इतक्या वर्षांच्या सवयीने अनीसला उलटी माणसं सुलटीच वाटायची. त्याने भिंगाची चक्री फिरवली. कोकरू धूसर होतं, ते हळूहळू रेखीव झालं.

कोकराशेजारी एक बाई बसली होती.

अनीसला वाटलं, गजराबाई मध्ये आली. "मावशी, जरा बाजूला व्हा," तो कपड्यातूनच म्हणाला.

"मी तं आठेच शे," गजराबाईचा आवाज त्याच्या पाठीमागून, फाटकाकडून आला.

त्याने कपडा फेकून समोर पाहिलं. दगडी कोकरू. झाडलेली जमीन. एक वाळकं पान गिरक्या घेत खाली आलं आणि कोकराच्या पाठीवर पडलं. बाकी कुणी नव्हतं.

उन्हाने डोळे दिपले असतील, असं मनाशी म्हणत त्याने पुन्हा कपड्यात डोकं घातलं. बाई तिथेच होती. पाठमोरी, मांडी घालून बसलेली. लाल लुगडं, पिवळा काठ, डोक्यावरचा पदर खांद्यावर ओघळलेला. ती डुलत होती. मांडीवरच्या पोराला निजवताना बाया जशा पुढे-मागे डुलतात, तशी. ते पान आता तिच्या हाताखाली, कोकराच्या पाठीवर होतं.

अनीसच्या मानेवरून घाम ओघळला. तो बाहेर आला आणि त्याने मास्तरांना हाक मारली. "मास्तर, काचेत पाहा बरं. काय दिसतंय ते सांगा फक्त."

मास्तरांनी पाहिलं. "कोकरू. जरा डावीकडे घ्या, भिंत कापली जातेय."

"आणखी काही?"

"आणखी काय पाहिजे?"

हिंमतरावांनीही डोकावलं. त्यांनाही काही दिसलं नाही. "अनीसभाई, भूक लागनी तुले. चल, भाकर खाऊ," ते म्हणाले. पण अनीसचा चेहरा पाहून त्यांचं हसू अर्ध्यावर राहिलं.

गजराबाई झाडू टाकून जवळ आली होती. तिने अनीसच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"तुले दिखनी," ती म्हणाली.

अनीसने त्या कोकराकडे पाहिलं.

"लुगडं कसं व्हतं?"

"लाल," अनीस म्हणाला. "काठ पिवळा."

म्हातारी मटकन खाली बसली. तिच्या तोंडून जे निघालं, त्यात दुःखापेक्षा संताप जास्त होता. "मन्ही माय शे ती! उभा जनम झाडस मी आठे. ऊन म्हनू नही, पानी म्हनू नही. एक डाव माले दिखाले पाहिजे ना? आन तू कोन कोठला, डबडं लई उना, तुले दिखनी!"

हिंमतरावांनी डोक्यावरचा टोप काढला आणि हातात धरला.

मग तिने सांगितलं ते असं. तिचा आजा धानोऱ्याहून इथे सडकेच्या कामाला आला. कामावरच्या साहेबाच्या मडमेला मुलगी झाली, पण मडमेला दूध येईना. गजरा तेव्हा तान्ही होती. तिच्या आईला साहेबाच्या तंबूवर नेलं आणि गजराला आजीपाशी ठेवलं, शेळीच्या दुधावर. गोऱ्या पोरीला आईचा इतका लळा लागला, की तिच्या हाताशिवाय ती झोपत नसे. पावसाळा सरता सरता तापाची साथ आली आणि पोर गेली. साहेबाने मुंबईहून दगड मागवून बसवला, मडमेने जाताना गजराच्या आईला लाल लुगडं नेसवलं, आणि ते दोघं कायमचे निघून गेले.

आई मात्र घरी आली नाही. म्हणजे यायची, चुलीपाशी बसायची, आणि दिवस वर आला की उठून इकडे चालू लागायची. कोकरापाशी बसून डुलत राहायची. आजीने एकदा गजराला उचलून आणलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. आईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने पोरीला दोन्ही हातांनी उचललं, बाजूच्या मातीत ठेवलं आणि पुन्हा डुलू लागली. त्याच थंडीत एका सकाळी ती कोकराच्या पाठीवर हात ठेवून गार पडलेली सापडली.

"हाई सगळं माले आजीनी सांगं," गजराबाई म्हणाली. "मन्ही मायनं तोंड कसं व्हतं, ते काही माले याद नही. लोके म्हनतंस ती आठे बठेल ऱ्हास. ढोरं चारनारासले दिखस. लाकडं तोडनारासले दिखस. मालेच नही."

मास्तर चष्मा पुसत होते. अनीसला आपल्या घरची आठवण झाली. त्याची थोरली आयशा पाळण्यात होती तेव्हा तिला निजवायला अकिला अशीच डुलायची. काळा कपडा त्याच्या हातातच होता.

"मावशी," तो म्हणाला, "तुम्ही बघता का?"

ती पुढे आली, पण कॅमेऱ्याला हात लावायला धजेना. अनीसने तिवई तिच्या उंचीला आणली, तिला काचेसमोर उभं केलं आणि तिच्या डोक्यावरून कपडा सोडला. कपड्याखालून तिचे भेगाळलेले पाय तेवढे दिसत होते.

"काय दिखस?" अनीसने विचारलं.

"काईच नही... धुकं शे."

"दम धरा. डोळ्याला अंधाराची सवय होऊ द्या."

वारा पडला होता. हिंमतराव आणि मास्तर एकमेकांना खेटून उभे होते. बऱ्याच वेळाने कपड्यातून आवाज आला, म्हातारीचा वाटू नये इतका बारीक. "उलटी शे."

"होय मावशी. ह्याच्यात समदं उलटंच दिखस."

मग एकच शब्द आला, "माय," आणि तिची पावलं काचेच्या आणखी जवळ सरकली. अनीसने आधाराला हात पुढे केला, पण तिला हात लावायचं त्याला धाडस झालं नाही.

ती बाहेर आली तेव्हा रडत नव्हती. "मन्हाकडे पाठ करी बठेल शे," ती म्हणाली. "आतेबी."

आणि मग ती चालत निघाली. सरळ त्या थडग्याकडे गेली आणि कोकराच्या बाजूला, काचेत आई दिसली होती त्या मोकळ्या जागेपासून हातभर अंतरावर बसली. त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून, शेजारणीशी बोलावं तशा आवाजात ती म्हणाली, "माय, मी गजरा. म्हातारी व्हई गऊ मी. दख तरी माले."

अनीसने कपडा ओढून घेतला. काचेवर आता दोघी होत्या. लाल लुगड्याचं डुलणं थांबलं होतं. तरुण बाई आणि म्हातारी लेक, शेजारी शेजारी. तो पाहत असतानाच त्या बाईची मान वळू लागली. अगदी सावकाश, जणू खूप दिवसांत ती वळलीच नव्हती. तिचा चेहरा आता दिसणार, तेवढ्यात अनीसने डोळे मिटून घेतले. ते तोंड आधी पाहायचा हक्क आपला नाही, असं त्याला वाटलं.

"फोटो काढू का मावशी?" त्याने बाहेर येऊन विचारलं.

गजराबाईने नुसती होकाराची मान हलवली.

त्याने फोटो जिच्यावर उमटतो त्या प्लेटची चपटी पेटी काचेच्या जागी सरकवली. ती बसली की आतलं काही दिसत नाही. पुढचं सगळं अंदाजाने आणि उघड्या डोळ्यांनी. आणि उघड्या डोळ्यांना तर म्हातारी एकटीच दिसत होती. त्याने भिंगावरचं झाकण काढलं. उजेड कमी होता म्हणून ते काही वेळ उघडं ठेवावं लागणार होतं. "हलू नका," तो सवयीने म्हणाला. कुणाला म्हणाला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

गजराबाई हलली नाही. फक्त तिचं डोकं हळूहळू एका बाजूला कललं. कललं, आणखी कललं, आणि हवेतच थांबलं. तिचे डोळे मिटले. हिंमतरावांनी मास्तरांचं मनगट घट्ट धरलं. त्यांचा सुरतेचा कॅमेरा गळ्यात तसाच लोंबत होता. फोटो काढावा असं त्यांच्या मनातही आलं नाही.

अनीसने झाकण लावलं तरी म्हातारी उठली नाही. त्यांनी आपापलं सामान आवरलं. निघताना अनीसने तिला हाक मारली, तेव्हा तिने डोळे न उघडता हाताने खूण केली, जा. फाटकाबाहेर आल्यावर सातभाईंचा कलकलाट पुन्हा कानावर पडला आणि तिघांनाही एकदम हायसं वाटलं. परतीच्या मोटारीत गफूरने एकदा त्यांच्याकडे वळून पाहिलं आणि पुन्हा सडकेवर नजर लावली.

दुसऱ्या दिवशी अनीसने प्लेट धुतली. लाल दिव्याच्या उजेडात कोकरू वर आलं, भिंत आली, गजराबाई आली. दुसरं कुणी नव्हतं. धुराची रेघ नाही, डाग नाही, काही नाही. एक म्हातारी डोळे मिटून बसली आहे आणि तिचं डोकं शेजारच्या रिकाम्या जागेवर टेकलेलं आहे, एवढंच.

हिंमतरावांनी तो फोटो दुकानात बराच वेळ पाहिला. मग स्टूल सरकवून बाजूला केलं, जमिनीवर मांडी घालून बसले आणि मान तशी कलती करून पाहिली. थोडी कलली तोवर जमलं. फोटोतल्याइतकी कलवायला गेले आणि सबंध अंगानिशी कोलमडले. उठून त्यांनी धोतर झटकलं. दुसऱ्या वेळी प्रयत्न केला नाही. मास्तर म्हणाले, "हा फोटो दुकानात लावू नका अनीसभाई." अनीसचा तसा विचारही नव्हता.

संक्रांत झाल्यावर तो फोटोची प्रत घेऊन एकटाच निघाला. आधी कबरस्तानात गेला. आत सागाच्या पानांचा घोट्याएवढा थर साचला होता. शिंदीचा झाडू भिंतीला टेकवलेला होता आणि एका थडग्यावर बुलबुलांची जोडी वाद घालत होती. साधं, ओसाड, उन्हातलं रान. कॅमेरा त्याने आणलाच नव्हता, आणि त्याचं त्याला बरं वाटलं.

गजराबाई त्याला विसरवाडीला सापडली. मोटारी थांबतात तिथे चिंचेखाली गोणपाट टाकून ती भाजलेल्या शेंगा विकत बसली होती. तिने अनीसला लांबूनच ओळखलं. लुगडं तेच विटकं होतं, पण केस विंचरलेले, तेल लावून चापूनचोपून बांधलेले. अशी घट्ट, सरळ वेणी म्हाताऱ्या हातांना स्वतःची स्वतःला घालता येत नाही.

त्याने फोटो तिच्या हातात दिला. तिने तो डोळ्यांजवळ धरून पाहिला.

"मी एकलीच दिखस," ती म्हणाली.

"प्लेटवर नाही आली ती, मावशी."

"नही येवाव ती." तिच्या बोलण्यात राग उरला नव्हता. "माले ठाऊक शे ना, डोकं कोठे टेकेल व्हतं." तिने फोटो परत त्याच्या हातात दिला. "तूच ठेव. मन्हा घरमा भिंतबी नही तशी."

"आता झाडायला जात नाही का तिकडे?"

"कसाले? तठे आते कोनी नही."

दुपारची मोटार अजून आली नव्हती. अनीसला चालून तहान लागली होती आणि पाय दुखत होते. तिने मूठभर शेंगा त्याच्यापुढे केल्या. तो गोणपाटावर तिच्या डाव्या बाजूला बसायला वाकला, तशी तिने चटकन हात आडवा धरला.

"बठ भाऊ, पन ह्या अंगाले," ती उजवीकडच्या शेंगा सरकवून त्याला जागा करून देत म्हणाली. "त्या अंगाले जागा नही."

डाव्या बाजूचं गोणपाट रिकामं होतं, पण माणूस बसल्यासारखं मधोमध दबलेलं होतं. अनीस उजवीकडे बसला. त्याने मान तिकडे वळवली नाही. एकेक शेंग फोडून खात तो सडकेकडे बघत राहिला, आणि त्याच्याशेजारी म्हातारी कुणाशी तरी खालच्या आवाजात, हसत हसत, बाजारभावाचं काहीतरी बोलत होती.